थट्टा, टोमणे, टिंगल: मला सतत विचारले जाणारे प्रश्न

परळच्या एका रात्रशाळेत मी ३६ वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाले तरी जुने विद्यार्थी, त्यांची मुलं, चाळीतल्या सुना आणि एखाददुसरा उपसंपादक फोन करून शब्दांचे अर्थ विचारतातच. सगळ्यात जास्त प्रश्न हसण्याबद्दल असतात, म्हणजे दुसऱ्याला हसण्याबद्दल. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. प्रश्न विचारले गेले तसेच ठेवलेत, क्रम फक्त मी लावलाय.

१. थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी, खिल्ली. सगळं एकच ना?

एकच असतं तर इतके शब्द लागले कशाला? जरा कानाला लावून बघा. "अगं, थट्टा केली" असं म्हणून माणूस सुटतो. "अगं, टिंगल केली" असं म्हणून कोणी सुटत नाही. थट्टा-मस्करी ज्याची होते त्याच्यासमोर होते आणि तोही हसेल हे धरलेलं असतं. टिंगल होते तेव्हा चारजण एका बाजूला असतात आणि तो एकटा दुसऱ्या. टवाळखोराला समोरच्याशी काही देणंघेणंच नसतं, त्याला वेळ घालवायचा असतो. नाक्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर शेरे मारतात, ती टवाळी.

खिल्ली, टर आणि रेवडी या उडवायच्या गोष्टी. त्या माणसाच्या उडतात तशा त्याच्या कामाच्याही उडतात. अर्थसंकल्पाची खिल्ली उडते, अर्थसंकल्पाची मस्करी कोणी करत नाही. कुचेष्टा आणि हेटाळणीपर्यंत आलात की हसू जवळजवळ आटलेलं असतं आणि तुच्छताच उरते.

मला एक गंमत नेहमी वाटते. मराठीने थट्टेचं माप अंगाला किती लागलं यावर ठरवलंय: चिमटा, टपली, कोपरखळी, टोला आणि शेवटी जोडा (जोड्यासाठी प्रश्न ३ बघा). मुंबईच्या पोरांनी त्यात 'खेचणे' आणि 'फिरकी घेणे' यांची भर घातली. 'पोपट होणे' मात्र यात धरू नका. पोपट आपला आपणही करून घेऊ शकतो.

२. उपहास आणि उपरोध यांत फरक काय? पेपरात एकाच्या जागी दुसरा लिहिला तर?

तर मी अर्धा मार्क कापायची. उपरोध ही बोलण्याची रीत आहे, उपहास हा बोलण्यामागचा हेतू. तासभर उशिरा उगवलेल्या मुलाला "आज फारच लवकर आलास!" म्हटलं तर तो उपरोध, कारण शब्द उलटे आहेत. त्यालाच "घड्याळ गहाण टाकलंस काय रे?" म्हटलं तर उपहास आहे पण उपरोध नाही. दोन्ही एकाच वाक्यात येऊ शकतात, बहुतेकदा येतातच, म्हणून गोंधळ होतो.

उपरोधाला आवाज लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर "वा, छान काम केलंत" असं लिहिलं की निम्मे लोक खरंच धन्यवाद देतात आणि उरलेले निम्मे रुसतात.

३. 'शालजोडीतला' म्हणजे नक्की काय? शालीचा आणि टीकेचा काय संबंध?

शालजोडी हा मानाचा आहेर. त्या शालजोडीत गुंडाळून जोडा हाणायचा, म्हणजे बघणाऱ्याला सत्कार दिसतो आणि लागायचं तिथे लागतं. दादरच्या एका सत्कार समारंभात मी स्वतः ऐकलेला नमुना देते. लांबलचक भाषण ठोकून वक्ते बसले आणि सूत्रसंचालक म्हणाला, "सरांचं भाषण संपूच नये असं वाटत होतं, आणि सरांनी आपली इच्छा जवळजवळ पूर्ण केली." सगळ्यात मोठ्याने टाळ्या सरांनीच वाजवल्या.

अलंकारांच्या पुस्तकात याचं नाव व्याजस्तुती. यातलं व्याज म्हणजे बँकेचं नव्हे, बहाणा. वरून स्तुती आणि आत निंदा, किंवा याच्या उलट.

४. ऑफिसातल्या हिंदी मैत्रिणीला "चेष्टा करू नकोस" म्हटलं तर तिला रागच आला. का?

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तुम्ही तिला प्रयत्न करू नकोस म्हणालात. संस्कृतात चेष्टा म्हणजे नुसती हालचाल. मराठीत ती हालचाल नकलेकडे आणि तिथून थट्टेकडे सरकली असावी. 'मस्करी' म्हटलं असतंत तर निभावलं असतं, कारण तो शब्द अरबी-फारसीतल्या मस्खऱ्याकडून, म्हणजे विदूषकाकडून, दोन्ही घरांत आलाय.

५. जुन्या शास्त्रात याबद्दल काही आहे का, की सगळं आपलं हल्लीचं?

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाचे सहा प्रकार आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यम पात्रांचे, शेवटचे दोन अधमांचे. उपहसित कसं दिसतं तेही सांगितलंय: नाकपुड्या फुगलेल्या, नजर तिरकी, अंग आणि मान आखडलेली. कुणाच्या पाठीमागे खुसखुसणाऱ्या दोघांना लांबून बघा, हेच दिसेल.

मोठ्याने हसणं खालच्यांचं आणि ओठांतल्या ओठांत हसणं वरच्यांचं, ही वाटणी मला काही पटत नाही. आयुष्यात सर्वात जास्त बोचलेलं हसू मी स्मितातच पाहिलंय.

६. 'टवाळा आवडे विनोद' असं समर्थांनीच म्हटलंय. मग विनोद वाईटच ना?

वाक्य नीट वाचा. टवाळांना विनोद आवडतो एवढंच ते सांगतं. विनोद आवडणारे सगळे टवाळ, असं ते म्हणत नाही. कोणाला काय गोड लागतं याची तिथे यादी चालली आहे. मुंग्यांना साखर आवडते, म्हणून साखर खाणारा मुंगी होत नाही.

७. विडंबन ही मूळ कवीची टिंगल नाही का?

वाईट विडंबन असतं तशी. चांगल्या विडंबनाला मूळ कविता मूळ कवीइतकी पाठ असावी लागते. तिचं वृत्त, तिची लकब, तिचे लाडके शब्द, सगळं. आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेला 'झेंडूची फुले' हा संग्रह १९२५ साली आला. ज्या काव्यफॅशनची त्यात टर उडवली, ती आज बऱ्याच जणांना त्या विडंबनांमुळेच ठाऊक आहे. हे कवींचं नुकसान की फायदा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

८. पण या सगळ्याचा उपयोग काय? दुसऱ्याला हसून कोणाचं भलं झालंय?

जिथे तोंड उघडायची सोय नसते तिथे हसायची सोय असते, हा मोठा उपयोग. आपल्या समाजाने तर थट्टेला तारखा आणि जागा नेमून दिल्या होत्या. शिमग्याला बोंब मारायची मुभा. 'होळी रे होळी, पुरणाची पोळी'च्या पुढच्या ओळीत चाळीतल्या कोणत्याही तापट काकांचं नाव बसायचं आणि त्या दिवशी काकांना चिडायची परवानगी नसायची. वरळीच्या बीडीडी चाळीत होळीला त्या त्या वर्षाच्या राक्षसाचा पुतळा जाळतात. मार्च २०२० मध्ये तिथे 'कोरोनासुर' जळला होता. लग्नात विहिणीला गाण्यातून टोचायचं, मंगळागौरीत सासू-नणंदांना फुगडीच्या तालावर बोल लावायचे. दुसऱ्या दिवशी तीच सून डोक्यावर पदर घेऊन चहा आणायची. पण सासूला ऐकू गेलेलं असायचं.

एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडांतून हेच केलं. वेडी, आंधळा, जोशी अशी सोंगं घेतली आणि उपदेशाला हसू लावून दिलं. तमाशात गवळणीतली मावशी थेट कृष्णाला अडवते आणि वगातला सोंगाड्या राजाला सुनावतो. राजा रागावला तर पुढचं नाटकच होणार नाही, म्हणून राजाने ऐकून घ्यायचं. गिरणगावात पाळी सुटल्यावर कामगार हे बघायला बसायचे तेव्हा राजाच्या जागी त्यांना कोण दिसत असेल, हे मी सांगायला नको.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरांच्या डफाइतकंच काम अत्र्यांच्या 'मराठा'ने केलं. ते दैनिक १९५६ साली निघालं आणि मोठमोठ्या पुढाऱ्यांची रेवडी रोज सकाळी चहाबरोबर येऊ लागली. राज्य झालं त्याच वर्षी, १३ ऑगस्ट १९६० ला, मुंबईत 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू झालं. प्रकाशन केलं खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी. ज्यांची चित्रं काढली जाणार त्यांच्याच हातून उद्घाटन, ही मला लोकशाहीची फार छान गंमत वाटते.

पण त्याच दशकात, त्याच वातावरणात, 'बजाव पुंगी, हटाव लुंगी' ही घोषणाही निघाली. मंत्र्याच्या खुर्चीला लागणारं हसू उडप्याच्या हॉटेलात कपबशा विसळणाऱ्या पोराला लागायला लागलं. शब्दांत यमक होतं, लोक हसलेही असतील. त्या पोराने उलट काय म्हणायचं होतं? मला थट्टेबद्दल कोणीही काहीही विचारलं की मी पहिल्यांदा हेच बघते: ज्याला हसलं त्याला परत हसता येतं का?

९. लोकलच्या ग्रुपमध्ये रोज माझीच खेचतात. मनावर घ्यायचं की सोडून द्यायचं?

आधी दोन गोष्टी तपासा. एक, तुम्हाला उशीर झाला तर तुमच्या जागेवर रुमाल पडतो का? जे खेचतात तेच जागा धरत असतील आणि अंधेरीला "अरे, सरक, आपला माणूस यायचाय" म्हणून भांडत असतील, तर काळजी नको. माझ्या पुतण्याच्या डब्यात एकाला सगळे 'पंचांग' म्हणतात, कारण तो येणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ तोंडपाठ सांगतो. तो आजारी पडला तेव्हा पंचांगाशिवाय दिवस कळेना म्हणून अख्खा डबा नालासोपाऱ्याला त्याच्या घरी गेला.

दोन, एक दिवस तुम्ही त्यांची खेचून बघा, त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या तोंडाच्याची. ते हसले आणि दुप्पट परत दिलं तर तुम्ही ग्रुपमध्ये आहात. सगळे एकदम गप्प झाले, "जास्त बोलायला लागला हा" असं कोणी म्हणालं, तर तुम्ही ग्रुपची करमणूक आहात. मग डबा बदला. बारा डब्यांची गाडी आहे.

१०. मी 'पानी', 'लोनी' बोलतो म्हणून लोक हसतात. माझं मराठी अशुद्ध आहे का?

नाही. तुमची बोली वेगळी आहे. शाळेत शिकवतात ती प्रमाणभाषा. ती अर्जाला, पेपराला, बातम्यांना लागते, म्हणून शिका. घरात आईशी बोलता त्याला 'अशुद्ध' म्हणणाऱ्याला भाषाशास्त्रातलं काही कळत नाही, आणि बहुतेक वेळा त्याला तुमचं गाव किंवा तुमची जात शोधायची असते. 'न' आणि 'ण'च्या चाळणीतून मुंबईत किती माणसं चाळली जातात, हे नोकरीच्या मुलाखतींना जाऊन आलेल्या पोरांना विचारा.

हे मी तोऱ्यात सांगतेय, पण मीही हे केलंय. दिवसा हमाली करून रात्री शाळेत येणारा, सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा होता. वर्गात त्याने वाचलं, "नदीचं पानी आटलं." मी त्याच्याच सुरात म्हटलं, "पाऽऽनी?" वर्ग हसला. मीही हसले. माझ्या मनात फक्त उच्चार सुधारायचा होता, अशी मी पुढे कित्येक दिवस स्वतःची समजूत घालत होते. तो मुलगा खाली बसला आणि त्या वर्षी त्याने पुन्हा एकदाही वाचलं नाही. हजेरीलाही हात वर करायचा, 'हजर' म्हणायचा नाही.

माझ्या हातात खडू होता आणि त्याच्या हातात पुस्तक. तो काय परत बोलणार होता? मी नंतर त्याला बोलावून सॉरी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. बाईंनी सॉरी म्हणायची तेव्हा पद्धत नव्हती. तेव्हापासून मात्र वर्गात मी कोणाची नक्कल केली नाही.

११. "मी तर गंमत केली" असं म्हटलं की झालं ना?

गंमत झाली की नाही, हे ज्याची केली तो ठरवतो. करणाऱ्याला फक्त हेतू सांगता येतो.

१२. टोमण्याला उत्तर कसं द्यायचं? विशेषतः सासूबाईंच्या.

टोमण्याचा जीव नाकबूल होण्यात असतो. लेकी बोले सुने लागे. तुम्ही चिडलात तर "तुला कुठे म्हटलं मी?" ही पळवाट तयारच असते. म्हणून चिडू नका आणि घुमेही होऊ नका, टोमणा अक्षरशः घ्या. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी सिलिंडर संपायच्या आधी कळायचं हो." तर सरळ विचारा, "हो? कसं कळायचं? शिकवा ना मला." आवाजात साखर हवी, नाहीतर हाच उलटा टोमणा होतो. आमच्या मजल्यावरच्या एका सुनेने हे केलं. सासूबाईंनी खरंच तिला ओलं फडकं सिलिंडरवर फिरवून, कुठपर्यंत पटकन वाळतं त्यावरून गॅस किती उरलाय ते बघायला शिकवलं. दोघी अर्धा तास सिलिंडरपुढे उकिडव्या बसल्या होत्या.

साहेबांचे टोमणे वेगळे. तिथे पगार मधे असतो. त्यासाठी प्रश्न १४.

१३. मंत्र्याचं मीम पुढे पाठवलं तर पोलीस येतील का?

मी वकील नाही, पण माहीत आहे तेवढं सांगते. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्यावरून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ विरुद्ध याचिका झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला ते कलमच रद्द केलं. त्याच २०१२ च्या सप्टेंबरात व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाखाली अटक झाली होती. त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये राजद्रोहाच्या कलमाच्या वापराविषयी बंधनं स्पष्ट केली. तेव्हा नुसतं हसणं हा गुन्हा नाही.

बदनामी हा मात्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येतो आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत होऊ शकते. सार्वजनिक कामावरचं प्रामाणिक मत त्यातून वगळलंय. म्हणून "साहेबांना खड्डे दिसत नाहीत, गाडीच्या काचा काळ्या आहेत" हे मत झालं. "साहेबांनी खड्ड्यांचे पैसे खाल्ले" हा आरोप झाला, आणि आरोपाला कागद लागतात. पुढे पाठवण्याआधी आपण यातलं काय पाठवतोय ते बघा.

१४. कॉलेजात सीनियर किंवा ऑफिसात साहेब सतत टिंगल करतात. ही तक्रार होऊ शकते का?

कॉलेजात होऊ शकते. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आहे. विद्यार्थ्याला लाज वाटेल किंवा मानसिक त्रास होईल अशी चिडवाचिडवी आणि थट्टाही त्यात येते. दोन वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंड. तक्रार लेखी करा. ऑफिसात बायकांवर लैंगिक शेरेबाजी होत असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे जा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे ती समिती असायलाच हवी. बाकीच्या टिंगलीसाठी तारीख, वेळ आणि नेमके शब्द वहीत लिहून ठेवायला लागा. पुढे वही दाखवायची वेळ आली नाही तरी लिहून हात मोकळा होतो.

१५. लंगडा, बहिरा, 'ते लोक' यांवरचे जुने विनोद हल्ली चालतच नाहीत. फार नाजूक झालोय का आपण?

पूर्वीही लागायचंच, सांगायची सोय नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे लोकांसमोर, हिणवण्याच्या हेतूने, दिव्यांग व्यक्तीचा अपमान केला तर किमान सहा महिने कैद आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला असं चारचौघांत हिणवलं तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो.

म्हणजे या विषयावर हसूच नये का? जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद केला: अपंगत्व समजायला मदत करणारा विनोद वेगळा आणि अपंगाला कमी लेखणारा वेगळा. माझा एक अंध विद्यार्थी वीज गेली की म्हणायचा, "चला, आता सगळे माझ्या वर्गात." हा विनोद त्याने करायचा. मी केला असता तर तो विनोद राहिला नसता.

१६. मुंबई तुंबली की तासाभरात 'तुंबई'चे विनोद सुरू होतात. लोक अडकलेले असताना हे बरं दिसतं का?

कोणाला हसताय त्यावर आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. माणसं गेली. त्या रात्री मी शाळेतच होते, चाळीस-एक मुलांबरोबर. पाणी पहिल्या पायरीला लागलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, "बाई, उद्याची सहल आजच आली." सगळे हसले आणि निम्म्यांचं रडू थांबलं. हा आतला विनोद. नालेसफाईच्या कागदांना हसायचं असेल तर बारा महिने हसा. पण कमरेइतक्या पाण्यातून बाळ डोक्यावर घेऊन निघालेल्या बाईचा फोटो आणि खाली 'स्विमिंग पूल फ्री' असं लिहून पाठवलेलं मला आलंय. मी पाठवणाऱ्याला ब्लॉक केलं. नात्यातलाच आहे.

१७. बाई, तुमची कधी कोणी थट्टा केली का?

मागच्या पावसाळ्यात आमच्या मोरीचा पाइप फुटला. चाळीतल्या एकाने प्लंबर पाठवला. पन्नाशीचा माणूस, केस पांढरे, हातात पान्हा. काम करता करता मधेच वळून म्हणाला, "बाई, ओळखलं नाही ना?" मी नाही म्हटलं. त्याने नळ सुरू केला, धार बघितली आणि अगदी माझ्या वर्गातल्या सुरात, 'ण' चांगला लांबवत म्हणाला, "पाऽऽणी आलं बघा." मग परत पाइपकडे वळला आणि पान्हा फिरवत म्हणाला, "पानी म्हटलं तरी नळाला तेच येतं, बाई."

मला हसायला थोडा वेळ लागला. तोवर त्याने बिल लिहायला घेतलं होतं.